जुन्या सुऱ्याचें म्यान

गेल्या खंडेनवमीस आमच्या घरीं हत्यारांची पूजा मांडली असतां आम्हांस आमचीच लाज वाटली. पाटावर विळे, खुरपीं, कुऱ्हाड, द्राक्षवेलींच्या छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, सर्व कांहीं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून ठेविलें होतें. आणि त्या सर्वांहून वयानें वडील असा आमच्या आजोबांचा सुरा मात्र एका जुन्या धोतराच्या चिंधींत गुंडाळलेला होता. चिंधी सोडली तों पात्यावर तांबूस ठिपके पसरलेले. गव्हावर तांबेरा दिसला तर आपण त्याच दिवशीं औषधाची चौकशी करावयास निघतों. घरांतल्या पोलादावरचा तांबेरा आम्हीं किती वर्षें पाहिला नव्हता कोण जाणे. तालुक्याच्या कचेरींत उभी हयात इतरांचीं दप्तरें नीट बांधून ठेवण्यांत घालविलेल्या माणसाच्या घरीं वडिलोपार्जित वस्तु अशी उघडी पडावी, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली. त्यावरून आम्हीं जें कांहीं केलें, आणि तें करितांना जें ध्यानांत आलें, तें सभासद बांधवांपुढें मांडावें एवढ्यासाठीं हा लेख.

सुरा सात इंच पात्याचा आहे. जुन्या कानशीपासून तो घडविलेला असून कानशीच्या दांत्यांच्या पुसट रेघा पाठीकडे अद्यापि दिसतात. मूठ बाभळीची. आजोबा त्यानें उंसाचें बेणें तोडीत, दावें कापीत, मोटेला ठिगळ लावावयाचें झाल्यास कातडें बेतीत. त्याचें म्यान आम्हीं लहानपणीं पाहिलेलें आठवतें; काळसर रंगाचें, वर सूर्याची नक्षी असलेलें. तें पुढें उंदरांनीं खाल्लें. म्यान गेलें आणि सुरा चिंधींत आला. चिंधीनें ओल धरली आणि ओलीनें गंज.

म्यान म्हणजे राजेरजवाड्यांच्या तरवारींची शोभा, कुणब्यास त्याचें काय, असा एक समज आपल्यांत रूढ आहे. २०२४ च्या जुलैंत लंडनच्या संग्रहालयांतून वाघनखें उसनीं आणून साताऱ्यास ठेविलीं, २०२५ सालीं नागपूरकर भोसल्यांपैकीं पहिल्या रघूजींची तरवार महाराष्ट्र सरकारनें लंडनच्या लिलांवांत सुमारें ४७ लाख रुपयांस घेतली. आणि दोन्ही वेळीं आपण सर्वांनीं मोठ्या अभिमानानें त्या वार्ता वाचल्या. तें योग्यच झालें. पण आपल्या माळ्यावर आजाचा सुरा चिंधींत कुजत असतां परदेशांतून आलेल्या तरवारीचें कौतुक करणें, यांत कांहीं तरी चुकतें आहे असें आम्हांस वाटतें.

आणि हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाहीं. दोन उन्हाळ्यांपूर्वीं, कांदा कापणीच्या ऐन दिवसांत, आमच्या पुतण्यानें मोटारसायकलीला अडकविलेल्या गोणपाटाच्या पिशवींत पाण्याची बाटली काढावयास हात घातला, आणि आंत उघड्या पडलेल्या विळ्यानें त्याचा तळहात उभा चिरला. सात टांके पडले. हंगामाचे पंधरा दिवस मुलगा घरीं बसून राहिला, आणि करंगळी अजून पुरती मिटत नाहीं. उन्हाळ कांद्याची मान दोन-अडीच सेंटिमीटर राखून पात कापावी, हें सांगणारे पुष्कळ आहेत. कापून झाल्यावर विळा कोठें व कसा ठेवावा हें सांगणारा कोणी भेटत नाहीं. कळवणपासून अभोण्यापर्यंतच्या रस्त्यावर चैत्रांत सकाळीं उभे राहून पाहावें. मजुरांनीं भरलेल्या प्रत्येक गाडींत दहा-वीस उघडीं पातीं, मुलांच्या गुडघ्यांशीं, हिंदकळत जात असतात.

यावर आमचे एक स्नेही म्हणाले कीं, ठिबकाची जुनी नळी उभी चिरून विळ्याच्या धारेवर बसविली कीं काम झालें, दमडीचा खर्च नाहीं. त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. सोळा मिलिमीटरची टाकाऊ नळी प्रत्येकाच्या बांधावर पडलेली असते. तिचा वीतभर तुकडा धारेवर सरकवून वर रबराचें कडें लाविलें तर विळ्यापुरती सोय उत्तम होते. विळ्याला कातड्याचें म्यान करा असें आम्ही म्हणतच नाहीं. तें वर्षाकांठीं झिजणारें हत्यार आहे. परंतु जें पातें दोन पिढ्या टिकलें आणि आणखी दोन टिकावें असें आपणांस वाटतें, त्याला नळी पुरत नाहीं. प्लास्टिकाच्या नळींत पाणी शिरलें कीं बाहेर येत नाहीं, आणि टोंक उघडेंच राहतें.

कायद्याची भीति घालणारेही भेटले. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे व त्याखालील नियम २०१६ चे. नऊ इंचांहून लांब अगर दोन इंचांहून रुंद पात्याचीं धारदार हत्यारें त्यांच्या यादींत येतात हें खरें, पण केवळ घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठींच घडविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलेलीं आहेत. मात्र सार्वजनिक जागीं हत्यार घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालीं वेळोवेळीं निघतात, तेव्हां सुरा कमरेला लावून बाजारांत वा सप्तशृंगीच्या यात्रेंत मिरवूं नये. म्यान शेतासाठीं आहे.

आतां म्यानाची हकीकत. आरंभीं आम्हीं तें स्वतःच करावयाचें ठरविलें. कचेरींत जाड दप्तरें दाभणानें शिवण्याचा हात आम्हांस होता, तेव्हां कातडें म्हणजे जरा जाड कागद, असा आमचा हिशेब. चपलांच्या दुकानांतून एक मऊ तुकडा आणला, पात्यावर दुमडला, कडेनें शिवला, आणि घरच्या मंडळींस मोठ्या डौलानें दाखविला. तिसऱ्या वेळीं सुरा आंत सारतांना धारेनें निम्मे टांके कापले आणि टोंक आमच्या लिहिण्याच्या मेजांत रुतलें. तेथें मांडी असती तर हा लेख लिहावयास आम्ही बसलों नसतों.

तें फाटकें म्यान घेऊन आम्ही पेठेंतील एका वृद्ध चर्मकारांकडे गेलों. साठी उलटलेले गृहस्थ. सध्यां चपलांना टांके आणि शाळेच्या दप्तरांना पट्टे लावून चरितार्थ चालवितात. त्यांनीं आमची कारागिरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, कागद कापत नाहीं, म्हणून तुमचें दप्तर टिकलें. हें कापणारें आहे.”

त्यांचा पहिला आक्षेप कातड्याविषयीं होता. आम्हीं आणलेला तुकडा क्रोमाच्या क्षारांनीं कमावलेला होता. तें काम थोड्या दिवसांत उरकतें, म्हणून बाजारांत बहुतेक तेंच मिळतें. पण तें मऊ पडतें, आकार धरीत नाहीं, ठसा घेत नाहीं. म्यानाला झाडांच्या सालीनें कमावलेलें कातडें पाहिजे. कोल्हापूरकडे तें अजून होतें. बाभळीची साल आणि हिरडा हीं त्यांतलीं मुख्य द्रव्यें. चुन्यांत टाकून केंस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवतात, ती टांगून तींत साल-हिरड्याचें पाणी भरतात, आणि खालीं पाझरलेलें पाणी पुन्हां पुन्हां वर ओततात. दक्षिणेंत याच कामीं तरवडाची साल चालते. आपल्या बांधावरचीं बाभूळ आणि तरवड हीं दोन झाडें आपण सरपणांत घालतों वा उपटून टाकतों, हें ऐकतांना आम्हांस जाणवल्यावांचून राहिलें नाहीं.

त्यांच्याजवळ तळव्यासाठीं राखलेला तीन मिलिमीटर जाडीचा तसा एक तुकडा होता. प्रथम त्यांनीं पुठ्ठ्यावर सुरा ठेवून फरमा काढला. पात्याच्या आकाराबाहेर बोटभर जागा टांक्यांसाठीं, आणि पात्याच्या जाडीसाठीं आणखी थोडी. मग रापीनें कातडें कापलें. आमची चूक कोठें झाली तें येथें उमगलें: धारेच्या बाजूस दोन पदरांच्या मध्यें त्याच कातड्याची एक निमुळती पट्टी घालतात आणि टांके तिच्या पलीकडून घेतात. त्यामुळें धार दोऱ्याला भिडतच नाहीं, पट्टीला भिडते. एवढी एक पट्टी नसल्यामुळें आमचें म्यान उसवलें.

नक्षी शिवण्यापूर्वीं करावी लागते, हेंही आम्हांस नवें होतें. कातडें भिजवून बाजूला ठेवितात. त्याचा मूळचा रंग परत येऊं लागला पण हाताला अजून गार लागतें, अशा वेळीं ठसा मारावा. फार ओलें असतां ठसा फुगून मिटतो, कोरडें असतां उमटतच नाहीं. ही घटिका ते कातडें गालाला लावून ओळखत. वाफसा आलेली जमीन आपण जशी पायानें ओळखतों, तसेंच हें.

नक्षी कोणती काढावी यावर आमचा त्यांच्याशीं थोडा वाद झाला. आमच्या मनांत अठरा भुजांची, प्रत्येक हातीं आयुध धरलेली सप्तशृंगी होती. हत्याराच्या म्यानाला याहून योग्य चित्र कोणतें? त्यांनीं मान हालविली. “नको भाऊसाहेब. म्यान कमरेला लागतें, खालीं पडतें, पाय लागतो. देव देव्हाऱ्यांत असावा.” आम्ही ओशाळलों. मग त्यांनीं एक मोठा खिळा कानशीनें घासून दाण्याच्या आकाराचा केला आणि त्या एकाच ठशानें दोन्ही कांठांवर बाजरीचीं कणसें उठविलीं. दाण्यांच्या ओळी इतक्या सारख्या कीं मोजाव्याशा वाटाव्या. मध्यें एक लहानसा सूर्य, आजोबांच्या म्यानावर होता तसा, आमच्या सांगण्यावरून. काळा रंग आणण्यास त्यांनीं बाजारचा रंग घेतला नाहीं. आंबट ताकांत गंजके खिळे आठ दिवस भिजत घालून ठेविलेलें पाणी होतें. तें बोळ्यानें बाहेरच्या अंगास लावितांच कातडें पाहतां पाहतां काळें झालें. सालींतील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग होऊन हा काळेपणा येतो. हिरड्याची शाई हिराकसानें काळी होते, तीच ही क्रिया. आंतल्या अंगास मात्र तें पाणी लागूं दिलें नाहीं, आणि नंतर वरचें अंग स्वच्छ पाण्यानें पुसून घेतलें.

टांक्यांचीं अंतरें सारखीं येण्यासाठीं त्यांनीं जेवणाचा जुना कांटा कडेनें दाबीत नेला. मग आरीनें भोंकें, आणि मेण ओढलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोंकांना दोन सुया. प्रत्येक भोंकांतून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्राची शिवण एके ठिकाणीं तुटली कीं पुढें उसवत जाते. या शिवणींत एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. शेवटीं तीन टांके उलट घेऊन दोरा कापला. त्यानंतर सारें म्यान पुन्हां थोडें ओलें करून, सुऱ्याला तेल लावून व प्लास्टिकाच्या कागदांत गुंडाळून आंत सारला, आणि गुळगुळीत लांकडानें दाबून दाबून कातड्यास पात्याचा आकार दिला. तें सावलींत वाळलें. उन्हांत ठेविलें असतां कडक होऊन चिरतें. टोंकाशीं पाणी निथळण्यास एक बारीक भोंक ठेविलें. कडा घासून, मेण चोळून, वर एरंडेलाचा हात फिरविला.

या कामास अडीच दिवस लागले आणि त्यांनीं नऊशें रुपये मागितले. आम्हीं संवयीनें पांचशें म्हटलें. त्यांनीं वाद केला नाहीं, हातांतली रापी खालीं ठेवून ते एवढेंच म्हणाले, “बरं, तुम्ही म्हणाल तसं.” तें “तुम्ही म्हणाल तसं” आमच्या कानांतून अजून गेलेलें नाहीं. घरीं येऊन आम्हीं कागदावर हिशेब मांडला: कातडें, दोरा, मेण यांचे अडीचशें वजा जातां अडीच दिवसांचे साडेसहाशें, म्हणजे रोजचे दोनशें साठ. कांदा कापणाऱ्या मजुरास आम्हीच त्याहून अधिक रोज देतों, आणि पांचशें दिले असते तर या कारागिराच्या हातीं रोजचे शंभरच पडले असते. दुसरे दिवशीं जाऊन आम्हीं नऊशें दिले. तेवढेही कमीच होते.

ही घासाघीस एकट्या आमची नाहीं, आपणां सर्वांची जुनी खोड आहे. बारा बलुत्यांच्या व्यवस्थेंत चर्मकारानें वर्षभर मोट, नाडपट्टे, आसूड, जोडे यांची दुरुस्ती करावी, आणि सुगींत खळ्यावर येऊन आपण हात सैल सोडूं तितकें धान्य न्यावें. त्या व्यवस्थेचें गोडवे गाणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. ते लिहिणारा खळ्याच्या आंत उभा असे, बाहेर नव्हे. मोट गेली, विहिरीवर पंप बसला, बलुतें बंद झालें. पण कातड्याच्या कामाची किंमत ठरविणें हा आपला हक्क आहे ही समजूत तेवढी राहिली. वृद्ध कारागिराचे दोन्ही मुलगे नाशकास कारखान्यांत आहेत. “त्यांना शिकवलं नाहीं का?” असें आम्हीं विचारलें. “शिकवलं नाहीं असं नाहीं, त्यांनी घेतलं नाहीं. आणि मीही आग्रह नाहीं केला,” असें उत्तर आलें. त्यांस दोष देण्यास आमची जीभ उचलली नाहीं.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. २०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रांत गाईंबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हैसवर्गाचा प्रश्न वेगळा. या कायद्याच्या बऱ्यावाईटाविषयीं सभासदांत मतभेद आहेत व त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. एवढें मात्र उघड आहे कीं, गोवंशाचें कातडें येथें आतां नैसर्गिक मृत्यूनें पडलेल्या जनावरांचेंच मिळणार, आणि तीं जनावरें आपल्या गोठ्यांतलीं आहेत. आपण तीं खड्ड्यांत पुरतों किंवा नदीकांठीं टाकून येतों. मृत जनावरांच्या कातड्याचा प्रश्न नवा नाहीं. गांधीजींनीं १९३४ सालीं ‘हरिजन’ पत्रांत खेड्यांतील कातडें कमावण्याच्या धंद्याविषयीं लिहिलें, आणि वर्ध्याजवळ नालवाडी येथें गोपाळराव वाळुंजकर यांनीं चर्मालय चालवून तो विचार प्रत्यक्षांत आणला.

पण येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीं तर आमचें म्हणणें उलटें घेतलें जाईल. मेलेलीं जनावरें ओढण्याचें काम जन्मावरून लादलेलें होतें, आणि १९२७ च्या मार्चांत महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं तें सोडण्याचा उपदेश आपल्या लोकांस केला तो पूर्णपणें न्याय्य होता. २०१६ सालीं गुजरातेंत उना येथें मेलेल्या गाईचें कातडें काढणाऱ्या तरुणांस बांधून मारहाण झाली. त्यानंतर तिकडील अनेकांनीं तें काम टाकलें. तेव्हां अमक्या जातीनें हें काम करावें असें सांगण्याचा अधिकार आपणांस उरलेला नाहीं. ज्याचें जनावर त्यानें व्यवस्था करावी. ज्यास तें काम रोजगार म्हणून पत्करावयाचें असेल, मग तो कोणीही असो, त्याला हातमोजे, गाडी, योग्य मोबदला आणि रस्त्यानें निर्भयपणें जातां येईल असा कागद मिळावा.

कागदाविषयीं आम्हांस थोडें कळतें म्हणून ही सूचना करितों. जनावर पडल्यास मालकानें त्याच दिवशीं पशुवैद्यकास कळवावें, आणि मृत्यु नैसर्गिक असल्याचा दाखला, कानांतील बिल्ल्याच्या क्रमांकासह, घ्यावा. त्याची एक प्रत संघाच्या दप्तरीं राहावी व एक कातडें नेणाऱ्याच्या हातीं. सांसर्गिक रोगानें मेलेल्या जनावरास मात्र कोणीही हात लावूं नये. फाशी म्हणजे काळपुळीनें मेलेलें जनावर फाडणें म्हणजे माणसाच्या जिवाशीं खेळ आहे. आणि २०२२ सालीं लंपीनें पडलेलीं गुरें चुना टाकून खोल पुरलीं तेंच बरोबर होतें.

दुसरी सूचना पैशाची. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचा त्यांत समावेश आहे. २०२५ च्या जूनांत इटलींतील मिलान येथें प्राडा या कंपनीनें तशाच घाटाच्या चपला मांडल्या आणि उगमाचें नांव घेतलें नाहीं, तेव्हां येथून ओरड झाली व कंपनीस तो उगम कबूल करावा लागला. ओरड करणाऱ्यांत आपणही होतों. परंतु आपल्या पायांत काय होतें, आणि आपल्या पेठेंतल्या कारागिरास आपण शेवटचा पुरा दाम कधीं दिला, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. संघानें दरवर्षीं सभासदांकडून द्राक्षाच्या कात्र्यांचीं पाकिटें, सुऱ्यांचीं म्यानें, बैलांचे पट्टे यांची मागणी पावसाळ्यापूर्वींच एकत्र नोंदवून घ्यावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, आणि कातडें एकगठ्ठा आणून द्यावें. भाव कारागिरानें सांगावा. एप्रिलच्या खरड छाटणीस आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीस लागणारीं कात्रीचीं पाकिटें सध्यां आपण बाहेरगांवचीं, रेक्झिनचीं घेतों, आणि तीं दुसऱ्या हंगामास फाटतात. तोच पैसा येथें राहील.

ज्यांस म्यान करवून घ्यावयाचें असेल त्यांस दोन गोष्टी सांगून ठेवितों, कारण त्या आम्हांस कळल्या तेव्हां आजोबांच्या म्यानाचा व सुऱ्याच्या गंजाचा उलगडा झाला. कातडें कितीही चांगलें असलें तरी तें हवेंतील ओल धरतें, आणि सालींतलें तुरट द्रव्य पोलादास चरतें. म्हणून म्यान हें सुरा नेण्या-आणण्यासाठीं आहे, साठवण्यासाठीं नाहीं. शेतांतून आल्यावर पातें कोरडें पुसावें, तेलाचा बोट फिरवावा, आणि पावसाळ्याचे चार महिने सुरा व म्यान वेगवेगळीं ठेवावीं. मुठीस वर्षांतून एकदां जवसाचें तेल पाजावें. उंदरांचा बंदोबस्त ज्याचा त्यानें करावा.

आमचें म्यान पाहून गल्लींतील पांच जणांनीं मागणी नोंदविली आहे, आणि सहावें आमच्या पुतण्यानें आपल्या छाटणीच्या कात्रीसाठीं सांगितलें आहे. कारागीर म्हणतात, आठवड्यास दोनांहून अधिक होणार नाहींत, आणि कातडें संपत आलें आहे.